हातानं बांधलेल्या साइटला वर्डप्रेस जोडायचं म्हणजे नेमकं काय जोडायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट तुम्ही २०१२ साली स्वतः पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलीत. सभासदांची नोंद, वर्गणीच्या पावत्या, पुस्तकांचा शोध हे सगळं तुमच्या हातचं आहे आणि आजही बिनतक्रार चालतंय. आता कार्यकारिणीला सूचना, कार्यक्रमांचे वृत्तान्त आणि फोटो स्वतः टाकायचे आहेत, प्रत्येक वेळी तुम्हाला फोन लावायचा नाही. कोणीतरी बैठकीत म्हणालं, "वर्डप्रेस टाका की, फुकट असतं." म्हणून तुम्ही विचारताय की चालू साइटला वर्डप्रेस, म्हणजे कोड न लिहिता मजकूर टाकायची ती तयार प्रणाली, जोडावं, सगळी साइटच त्यात न्यावी, की अ‍ॅडमिन पॅनल (मजकूर टाकायचा आतला पडदा) स्वतः लिहावं.

जोडता येतं. मी गेली १८ वर्षं अशाच जुन्या, हातानं बांधलेल्या साइट सांभाळते आहे आणि त्यातल्या निदान डझनभर साइटना पुढे कधी ना कधी सीएमएस (वर्डप्रेससारखी मजकूर सांभाळायची प्रणाली) जोडला आहे. काही जोडण्या दहा वर्षं टिकल्या, काही मी स्वतःच दोन महिन्यांत उपटून काढल्या. दोन्हींत फरक कशानं पडला ते सांगते, कारण "कोणता सीएमएस" या प्रश्नापेक्षा तेच तुमच्या जास्त उपयोगाचं आहे.

आधी एक काम करा. कोड उघडू नका, व्हॉट्सअ‍ॅप उघडा. गेल्या सहा महिन्यांत ग्रंथपाल बाईंनी किंवा कार्यवाहांनी "हे साइटवर टाका" म्हणून जे जे पाठवलं ते वर सरकत जाऊन मोजा आणि वहीत तीन रकाने करा. पहिल्यात तारीखवार येणारं: व्याख्यान आहे, वाचनालय अमुक दिवशी बंद आहे, स्पर्धेचा निकाल. दुसऱ्यात एकदाच लिहून वर्षानुवर्षं राहणारं: नियम, वेळा, कार्यकारिणीची नावं, इतिहास. तिसऱ्यात ज्याला ठरावीक चौकटी असतात ते: पुस्तक, लेखक, दाखल क्रमांक, सभासद, रक्कम. सीएमएसचा खरा उपयोग पहिल्या रकान्याला. दुसऱ्याला थोडाफार. तिसऱ्याला बहुतेक वेळा अजिबात नाही, आणि ते काम तर तुमची साइट आधीच करते.

ही मोजणी मी शिकले ती फजितीतून. एका संस्थेला मी हौसेनं सगळं लावून दिलं होतं, दोन तास बसून शिकवलंही. तीन वर्षांनी पाहिलं तर त्यात एकूण सात नोंदी, आणि सातही मीच टाकलेल्या, कारण मजकूर मला व्हॉट्सअ‍ॅपवरच येत राहिला. त्यांना स्वतः लिहायचं नव्हतंच. त्यांना मी लवकर टाकायला हवी होते, एवढंच. तेव्हा महिन्याला दोनच ओळींची सूचना बदलत असेल तर सीएमएसच्या वाटेला जाऊ नका. डेटाबेसमध्ये एक टेबल, पासवर्डमागे एक फॉर्म, झालं. महिन्याला सात-आठ नोंदी, फोटोंसकट, आणि लिहिणारं माणूस नावानिशी ठरलेलं असेल तर पुढचं वाचा.

वर्डप्रेसच का, हेही पटकन सांगून टाकते. २००३ साली ते ब्लॉग लिहिण्यासाठीच जन्माला आलं, त्यामुळे तारीखवार नोंदी हा त्याचा हातखंडा. त्याचा मराठी अनुवाद आहे, म्हणजे ग्रंथपाल बाईंना बटणं मराठीत दिसतील. आणि उद्या तुम्ही गाव सोडलंत तर ते सांभाळणारा कोणीतरी शेजारच्या गावात सापडेल. ड्रुपल या दुसऱ्या, मोठ्या सीएमएसबद्दल मला आदर आहे, पण एवढ्या कामाला ड्रुपल म्हणजे चार जणांच्या जेवणाला मांडव घालण्यासारखं. तुमची साइट पीएचपीऐवजी पायथन भाषेतल्या जॅंगो या चौकटीत असती तर मी वर्डप्रेसचं नावही न काढता वॅगटेल (जॅंगोवरचा सीएमएस) सांगितलं असतं, कारण ते चालू जॅंगो प्रकल्पात एक अ‍ॅप म्हणून बसतं. ज्या भाषेत घर बांधलंय त्याच भाषेतला पाहुणा बरा, पण पाहुण्यानं स्वयंपाकघरात शिरू नये. तुमच्या प्रश्नातली खरी भानगड इथेच आहे.

पीएचपीच्या साइटला वर्डप्रेस जोडायचं म्हटलं की नेटवर पहिला सल्ला मिळतो तो असा: तुमच्या पानाच्या सुरुवातीला वर्डप्रेसची 'डब्ल्यूपी-लोड' ही फाइल इन्क्लूड करा (म्हणजे आत ओढून घ्या), मग त्याची सगळी फंक्शनं तुमच्या पानात वापरता येतात. एका ओळीत काम. ताज्या तीन नोंदी होम पेजवर आल्या, सगळे खूश. मीही हेच केलं होतं, एका सभागृहाच्या बुकिंगच्या साइटवर. दोन दिवसांनी तिथल्या क्लार्कचा फोन आला, "मॅडम, पहाटे साडेपाचला कोण आलं होतं पैसे भरायला?" पावती सकाळी अकराची होती. वर्डप्रेस चालू होताना पीएचपीचा टाइमझोन यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक प्रमाण वेळ, करून ठेवतं, कारण त्याचा स्वतःचा सगळा हिशेब त्या वेळेत चालतो. माझ्या जुन्या कोडला ते कोण सांगणार? त्याचं 'डेट' फंक्शन बिचारं साडेपाच तास मागे गेलं. मी हेडरमध्ये ती फाइल घातली होती आणि हेडर पावतीच्या पानावरही होता, म्हणून पावतीवर पहाट उजाडली.

ते दुरुस्त केलं, तर पुढच्या आठवड्यात दुसरं. वसईकडच्या एका सभासदाचं आडनाव डि'सोझा. अर्ज दुरुस्त करून सेव्ह केला की मधल्या चिन्हाआधी एक उलटी तिरकी रेघ यायची, पुन्हा सेव्ह केलं की रेघा वाढायच्या. कारण असं की वर्डप्रेस फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक मजकुराला स्वतः बॅकस्लॅश लावतं. पीएचपीतली ती 'मॅजिक कोट्स'ची सवय खुद्द पीएचपीनं ५.४ आवृत्तीत काढून टाकली, वर्डप्रेसनं जुन्या प्लगिनांसाठी (त्याला वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामांसाठी) आजवर जपली आहे. वर्डप्रेसच्या आतलं जग ते गृहीत धरून लिहिलेलं आहे. तुमचं नाही.

आणि तिसरं सगळ्यात वाईट, कारण ते डोळ्याला दिसत नाही. काही जण 'डब्ल्यूपी-लोड'ऐवजी 'डब्ल्यूपी-ब्लॉग-हेडर' इन्क्लूड करतात. ती फाइल पत्ता वाचून "हे पान माझ्याकडे आहे का" असं वर्डप्रेसला विचारायला लावते. तुमचं पुस्तक-शोधाचं पान त्याच्याकडे अर्थातच नसतं, मग ते सर्व्हरकडून ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा संकेत, पाठवतं. ब्राउझरमध्ये पान व्यवस्थित उघडतं, कोणाची तक्रार नाही, आणि गूगल मात्र एकेक पान यादीतून काढत बसतं. एका ओळखीच्या माणसाची साइट अशीच शोधातून नाहीशी होत गेली आणि तो होस्टिंगवाल्याशी (साइट ज्याच्या सर्व्हरवर ठेवली त्याच्याशी) भांडत होता.

यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते. टाइमझोन परत लावता येतो, स्लॅश काढता येतात. पण लक्षात घ्या, दोन प्रोग्राम एकाच प्रक्रियेत, एकाच नावांच्या डब्यात राहायला लागले की प्रत्येक अपडेटनंतर तुम्हाला धाकधूक. तुमच्या जुन्या कोडमध्ये भाषांतरासाठी दोन अंडरस्कोर नावाचं फंक्शन असेल, किंवा 'पोस्ट' नावाचं ग्लोबल चल (व्हेरिएबल) असेल, तर टक्कर ठरलेली. म्हणून माझं मत आता पक्कं झालं आहे: तुमच्या कोडनं वर्डप्रेसला आत घ्यायचं नाही आणि वर्डप्रेसनं तुमच्या टेबलांना हात लावायचा नाही. दोघं एका वाड्यात भाडेकरू म्हणून राहू देत, चूल वेगळी.

वेगळी चूल म्हणजे काय? वर्डप्रेस स्वतंत्र फोल्डरमध्ये, उदाहरणार्थ 'सूचना' नावाच्या, किंवा त्याच नावाच्या सबडोमेनवर (मुख्य पत्त्याआधी नाव लावून होणाऱ्या उपपत्त्यावर) टाका. डेटाबेस वेगळा, त्याचा युजर वेगळा. तोच डेटाबेस वापरून टेबलांना फक्त उपसर्ग लावला तरी चालतं असं लोक म्हणतात, आणि तांत्रिकदृष्ट्या चालतंच. पण वर्डप्रेसमध्ये उद्या कोणीतरी एखादं गचाळ प्लगिन टाकणार, त्याला भोक पडलं तर चोर सभासदांच्या फोन नंबरांपर्यंत पोचता कामा नये. वर्डप्रेसच्या डेटाबेस-युजरला सभासदांचं टेबल असतं हेही माहीत असायला नको.

फोल्डर की सबडोमेन, हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे, आणि माझ्या अनुभवात ते चवीनं ठरत नाही, पीएचपीच्या आवृत्तीनं ठरतं. २०१२ साली लिहिलेल्या कोडमध्ये डेटाबेसशी बोलायला बहुधा जुनी 'मायएसक्यूएल' फंक्शनं असतील, शेवटी 'आय' नसलेली. ती पीएचपी ७ मध्ये, म्हणजे २०१५ च्या अखेरीस, काढून टाकली गेली. तुमची साइट अजून "बिनतक्रार" चालते आहे याचा अर्थ कदाचित असा की होस्टिंगवर तुम्ही पीएचपी ५.६ धरून बसला आहात, जिची सुरक्षा-दुरुस्ती २०१८ संपताना थांबली. वर्डप्रेसला त्याच्या ६.६ आवृत्तीपासून ७.२ च्या आधीची पीएचपी चालत नाही. एकाच डोमेनच्या दोन फोल्डरांना दोन आवृत्त्या देणं साध्या शेअर्ड होस्टिंगवर (जिथे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर असतात) कटकटीचं. सबडोमेनला वेगळी आवृत्ती देणं सीपॅनेल या होस्टिंगच्या नियंत्रण-पडद्यावरच्या मल्टीपीएचपी मॅनेजरमध्ये दोन क्लिकचं काम. म्हणजे आत्ता लगेच हवं असेल तर सबडोमेन. पण खरं सांगायचं तर आधी ती जुनी फंक्शनं पीडीओवर (डेटाबेसशी बोलायच्या पीएचपीतल्या नव्या पद्धतीवर) आणा. चाळीस-पन्नास पानांची साइट असेल तर आठवडाभराचं काम आहे, आणि सीएमएस जोडा न जोडा, हे तुम्हाला करायचंच आहे. तेवढं झालं की फोल्डर घ्या; पत्ता एकच राहतो, लोकांना सांगायला सोपा.

फोल्डर घेतलात तर मुळाशी असलेल्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलमध्ये तुमचे स्वतःचे रीराइट नियम (कोणता पत्ता कुठे वळवायचा ते सांगणारे) असतील ते तपासा. वर्डप्रेस स्वतःच्या फोल्डरात स्वतःची तशी फाइल लिहितं, आणि साधारणपणे आतली फाइल बाहेरचीला हटवते. पण तुमच्या एखाद्या जुन्या पानाचा पत्ताही 'सूचना' असाच असेल तर तो आता वर्डप्रेसकडे जाईल. तसं असेल तर त्या जुन्या पानाला दुसरा पत्ता द्या आणि विसरून जा.

आता दिसण्याचा भाग. वाचकाला आपण एका साइटवरून दुसरीकडे गेलो असं वाटता कामा नये. यासाठी हेडर आणि फूटर या दोन फाइली अशा करा की त्यांत साधं एचटीएमएल सोडून काही नसेल: सेशन नाही, डेटाबेस नाही. तुमची जुनी पानंही त्याच घेतील आणि वर्डप्रेसची थीमही (त्याचं रूप ठरवणारा फाइलींचा संच) त्याच घेईल. थीम लहानशी, स्वतः लिहिलेली, पाच-सहा फाइलींची पुरे. दोन गोष्टी मात्र नवशिके हमखास विसरतात. थीममध्ये 'डब्ल्यूपी हेड' आणि 'डब्ल्यूपी फूटर' ही दोन फंक्शनं त्या-त्या जागी बोलवावीच लागतात, नाहीतर लॉगिन केल्यावर वरची काळी पट्टी दिसत नाही, फोटोंची मांडणी मोडते, आणि ग्रंथपाल बाई म्हणतात, "संपादनचं बटणच गेलं." दुसरी, मेनूतले दुवे. सबडोमेन घेतलंत तर स्लॅशनं सुरू होणारे पत्ते सगळे सबडोमेनवरच जातात, म्हणून तिथे पूर्ण पत्ता लिहा.

होम पेजवर ताज्या तीन सूचना हव्या असतील. त्यासाठीच लोक 'डब्ल्यूपी-लोड'च्या नादी लागतात. पण वर्डप्रेसमध्ये ४.७ पासून, म्हणजे डिसेंबर २०१६ पासून, रेस्ट एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामला मजकूर मागता यावा म्हणून ठेवलेली खिडकी) गाभ्यातच आहे. तुमच्या पानानं त्याला बाहेरच्या माणसासारखं विचारायचं, जेसॉनमध्ये (प्रोग्रामना सहज वाचता येणाऱ्या मजकुराच्या रूपात) उत्तर घ्यायचं. लॉगिन लागत नाही, प्रकाशित नोंदी उघड्याच असतात. फक्त प्रत्येक वाचकाबरोबर विचारू नका. उत्तर एका फाइलमध्ये साठवा, फाइल दहा मिनिटांपेक्षा जुनी झाली तरच पुन्हा विचारा, आणि विचारताना तीन सेकंदांची मुदत घाला. तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर जुनीच फाइल दाखवा. यामुळे वर्डप्रेस एखाद्या अपडेटमध्ये गडबडलं तरी होम पेज, वर्गणी, पुस्तकांचा शोध यांना धक्का लागत नाही. मला हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. माझ्या एका साइटवर वर्डप्रेस रात्रभर बंद होतं आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता, कारण होम पेज कालच्या सूचना दाखवत शांत बसलं होतं.

यातही दोन काटे आहेत. एपीआयमधून येणारं शीर्षक आधीच एचटीएमएलसाठी तयार केलेलं असतं, त्यात अवतरणचिन्हं आकड्यांच्या सांकेतिक रूपात येतात. तुम्ही सवयीनं त्यावर पुन्हा 'एचटीएमएल स्पेशल कॅरॅक्टर्स' चालवलंत तर शीर्षकात ८२१७ असले आकडे दिसायला लागतील. आधी उलगडा, टॅग काढा, मग पुन्हा सुरक्षित करा. आणि काही शेअर्ड होस्टिंगवर सर्व्हरला स्वतःच्याच डोमेनला हाक मारू देत नाहीत. तसं असेल तर होस्टिंगवाल्यांशी बोला. नाही जमलं तर क्रॉननं (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या सोयीनं) दर पंधरा मिनिटांनी वर्डप्रेसच्या बाजूनंच ती फाइल लिहून ठेवा. उलटा प्रवास, पण फळ तेच.

लॉगिन एक करायच्या मोहात पडू नका. कार्यकारिणी विचारेलच, "सभासदाला एकाच पासवर्डनं दोन्हीकडे जाता आलं पाहिजे." का? सभासद सूचना वाचतात, लिहीत नाहीत. वाचायला लॉगिन लागत नाही. वर्डप्रेसमध्ये दोन-तीनच खाती असतील: ग्रंथपाल बाई आणि कार्यवाह 'संपादक' म्हणून, आणि तुम्ही 'प्रशासक'. त्यांना प्रशासकाचं खातं देऊ नका, प्लगिन टाकायची सोय तिथेच असते. सभासदांची नोंदणी वर्डप्रेसमध्ये बंदच ठेवा. पासवर्ड साठवायची तऱ्हा दोन्हीकडे वेगळी, कुकीच्या वाटा वेगळ्या. त्या जुळवण्यात मी एकदा पूर्ण पावसाळा घालवला आहे आणि शेवटी सभासदांपैकी ती सोय किती जणांनी वापरली हे लिहायचीही लाज वाटते.

मराठी साइटच्या वाट्याला येणारी एक गोष्ट इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडत नाही म्हणून सविस्तर सांगते. शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीतच बनवतं. त्या पत्त्याला २०० चिन्हांची मर्यादा आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, पत्त्यात टक्केवारीच्या रूपात नऊ जागा खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं बसतात. 'ग्रंथालय सप्ताहानिमित्त व्याख्यान' असं शीर्षक घ्या. 'ग्रंथालय'ची ८, 'सप्ताहानिमित्त'ची १४, झाली २२. 'व्याख्यान' पत्त्याबाहेर. आता तुमचा सप्ताह १४ ते २० नोव्हेंबर, रोज एक कार्यक्रम; 'ग्रंथालय सप्ताहानिमित्त प्रदर्शन', 'ग्रंथालय सप्ताहानिमित्त बालमेळावा', सगळ्यांचा पत्ता तोच, पुढे फक्त २, ३, ४. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर असा दुवा चिकटवला की टक्के आणि आकड्यांची पाच ओळींची माळ पडते आणि गटातले ज्येष्ठ नागरिक त्याला व्हायरस समजतात. उपाय सोपा आहे. कायमदुव्यांच्या सेटिंगमध्ये पहिल्याच दिवशी 'पोस्ट आयडी'वर आधारलेला साचा निवडा, म्हणजे पत्ता 'सूचना, स्लॅश, १४७' असा आटोपशीर. शंभर नोंदी झाल्यावर बदलायला गेलात तर वाटलेले सगळे दुवे तपासत बसावं लागेल.

त्याच दिवशी टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, करा. नव्या वर्डप्रेसचा टाइमझोन यूटीसीच असू शकतो, आणि ग्रंथपाल बाईंनी सकाळी सातला प्रसिद्ध व्हायला लावलेली सूचना दुपारी साडेबाराला उगवते.

जुना मजकूर आत आणायचा असेल तर आधी तो कोणत्या रूपात आहे ते बघा. २०१२ ची साइट म्हणजे युनिकोड असण्याची शक्यता बरीच, पण २००५-०६ चे जुने अहवाल कोणीतरी श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमधून चिकटवलेले असतील तर ते वर्डप्रेसमध्ये रोमन अक्षरांचा खिचडा होऊन दिसतील. त्यांना आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांनी तपासा, कारण नेमकं तिथेच चुकतं. दुसरी जुनी व्याधी म्हणजे डेटाबेसचं टेबल 'लॅटिन वन' (युरोपीय अक्षरांसाठीचं जुनं कोडिंग) आणि आत मराठी. तुमच्या पानावर ते नीट दिसतं, कारण लिहिताना आणि वाचताना एकच चूक दोनदा होऊन ती फिटते. निर्यात केली की उघडं पडतं. पन्नास-साठच नोंदी असतील तर मी आयात वगैरे करत नाही. जुनी पानं जुन्या जागी 'संग्रह' म्हणून ठेवते आणि नवं सगळं वर्डप्रेसमध्ये सुरू करते. कोणी विचारत नाही.

मग सगळी साइट वर्डप्रेसमध्ये का नको? हा प्रश्न तुम्ही विचारलात तो रास्त आहे. सभासद आणि वर्गणी प्लगिन म्हणून नव्यानं लिहिता येतील. पण चालू हिशेबाचा कोड नव्यानं लिहायचा तर पावत्यांचे क्रमांक, अर्धवट भरलेली वर्गणी, मयत सभासदाची अनामत, असल्या इतक्या वर्षांत हळूहळू बसवलेल्या खाचाखोचा पुन्हा आठवायला लागतात. त्या कुठे लिहिलेल्या नसतात, कोडमध्येच असतात. तुम्ही स्वतः संस्थेतून बाहेर पडणार असाल आणि मागे कोणी पीएचपी जाणणारा नसेल तर माझं उत्तर बदलेल. तेव्हा सूचना वर्डप्रेसमध्ये आणि पुस्तकांची सूची कोहासारख्या ग्रंथालयासाठीच बनवलेल्या मुक्त प्रणालीत न्यायचा विचार करा. ते वेगळं आणि मोठं प्रकरण आहे, आज नको.

स्वतः पॅनल लिहिण्याबद्दलही एक शब्द. मी दोनदा लिहिलं आहे. मजकुराचा फॉर्म एका संध्याकाळी होतो. मग पासवर्ड विसरला, मसुदा ठेवायचा आहे, चुकून पुसलं, फोटो आडवा आला, फोटो ६ एमबीचा आहे, मोबाइलवरून टाकायचं आहे, असं एकेक येत राहतं आणि दोन वर्षांनी तुमच्याकडे एक अर्धवट वर्डप्रेस तयार झालेलं असतं, ज्याला अपडेट देणारे तुम्ही एकटे. त्यातही फोटो चढवायची सोय हा साइट फोडण्याचा राजमार्ग: फोटोच्या नावाखाली कोणी पीएचपीची फाइल चढवली आणि ती त्या फोल्डरात चालली की संपलं. वर्डप्रेसमध्येही अपलोडच्या फोल्डरात पीएचपी चालू नये असा नियम सर्व्हरवर घालाच. मात्र तुमच्या तिसऱ्या रकान्यातलं, म्हणजे पुस्तकं आणि सभासद, ग्रंथपाल बाईंना नीटनेटक्या पडद्यावर दुरुस्त करायचं असेल तर पॅनल न लिहिता डायरेक्टससारखं काही बघा. ते तुमच्या आहे त्या टेबलांवर बसतं आणि त्यांनाच फॉर्म देतं. मात्र ते नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर) चालतं, साध्या शेअर्ड होस्टिंगवर सहसा बसत नाही, आणि परवान्याच्या अटी वाचून घ्या.

तर तुमच्या जागी मी काय करीन, ओळीनं सांगते. आधी व्हॉट्सअ‍ॅपची मोजणी. मग जुना कोड नव्या पीएचपीवर. मग 'सूचना' फोल्डरात वर्डप्रेस, वेगळ्या डेटाबेसवर, छोटी थीम, सामायिक हेडर, दोन-तीन खाती, प्लगिनं बोटावर मोजण्याइतकी, आपोआप अपडेट चालू. होम पेजवर एपीआयमधून तीन सूचना, फाइलमध्ये साठवून. 'नियम' आणि 'वेळा' ही दोन पानं वर्डप्रेसमध्ये हलवा, कारण दिवाळीच्या सुट्टीत वेळा बदलतात. बाकीची स्थिर पानं आहेत तिथेच राहू द्या. बॅकअप दोन्ही डेटाबेसांचा आणि अपलोड फोल्डरचा, आणि तो त्याच सर्व्हरवर ठेवू नका.

पहिली नोंद ग्रंथपाल बाईंच्या शेजारी बसून, पण हात खिशात ठेवून करून घ्या. माउस त्यांच्याच हातात. जिथे त्या अडतील ते लिहून घ्या, कारण तुमची थीम नेमकी तिथे सुधारायची आहे. मोबाइलवरच्या मोठ्या फोटोंची चिंता नको, वर्डप्रेस ५.३ पासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठा फोटो स्वतःच लहान करून दाखवतं. मूळ फाइल मात्र ते जपून ठेवतं, तेव्हा डिस्कची जागा सहा महिन्यांनी एकदा बघा.

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या नाहीत: आत्ता पीएचपीची आवृत्ती कोणती आहे, आणि होस्टिंगच्या प्लॅनमध्ये दुसरा डेटाबेस मिळतो का. पहिलीचं उत्तर ५.६ असेल आणि कोड बदलायला सवड नसेल तर फोल्डर विसरा, सबडोमेनच घ्या. दुसरीचं उत्तर "नाही" असेल तर होस्टिंग बदलल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका.